अण्णांना किती वेळ आहे, आणि सलाईन लावायचं का?

सांगलीकडच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांचे सासरे, घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात, वय ७८. फुप्फुसाचा कॅन्सर यकृतात पसरलेला. तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी 'आता घरी न्या, तिथेच सेवा करा' म्हणून सोडलं. चार दिवसांपासून दोन-तीन चमचे पेजेपलीकडे काही घेत नाहीत, दिवसभर झोपून असतात, रात्री बडबडतात, आणि कालपासून झोपेत श्वास मध्येच थांबतो. नवरा मस्कतला. नणंद आल्यात आणि त्यांचं म्हणणं, 'सलाईन लावा, तुम्ही माणसाला उपाशी ठेवलंय.' ताईंचा प्रश्न एवढाच : किती वेळ राहिलाय, आणि ते ओळखायचं कशावरून?

ताई, मी गेली १९ वर्षं पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात माणसाचा त्रास कमी करण्याच्या सेवेत, नर्स आहे, त्यातली बहुतेक घरोघरी जाऊन सेवा देण्यात गेली. तुमचं वाचून मला त्यात दोन प्रश्न दिसले. वेळेचा तुम्ही विचारलात. दुसरा तुम्ही विचारला नाहीत, पण नणंदबाईंच्या वाक्यामुळे तो तुमच्या मनात घर करून बसलाय : आपल्या हातून काहीतरी कमी पडतंय, म्हणून तर हे होत नाही ना? त्याचं उत्तर आधी देते. नाही. तुम्ही लिहिलंय त्यात तुमची चूक मला कुठेही दिसत नाही.

आता वेळेचं. नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत मी एका घरी सांगून बसले, 'आजची रात्र निघणार नाही.' सगळं गाव गोळा झालं. ते आजोबा पुढे आठ दिवस होते, आणि त्या आठ दिवसांत घरच्यांचे जे हाल झाले त्याला मी कारण होते. तेव्हापासून तासांचा आकडा मी देत नाही. पण काहीच सांगता येत नाही असंही नाही. आम्ही बदलाचा वेग बघतो. माणूस महिन्यामहिन्याला खालावत असेल तर हाताशी बहुधा महिने असतात. आठवड्याआठवड्याला फरक दिसत असेल तर आठवडे. कालच्यापेक्षा आज वेगळा असेल तर दिवस. सकाळचा माणूस संध्याकाळी वेगळा दिसायला लागला की तासांचा हिशेब सुरू झाला. तुम्ही सांगताय त्यावरून अण्णा 'दिवसां'मध्ये आहेत. दोन, पाच, कदाचित आठ. प्रत्यक्ष न बघता मी याहून बारीक सांगू शकत नाही, आणि कुणी छातीठोकपणे सांगितलं तर विश्वास ठेवू नका. किडन्या कशा आहेत, आधी ताकद किती होती, आत रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग होतो का, यावर बरंच अवलंबून असतं. कॅन्सरमध्ये कधीकधी सगळं संथ चाललेलं असताना माणूस अचानकही जातो.

म्हणून नवऱ्याला आजच फोन करा. विमान अडीच-तीन तासांचं, पण रजा, तिकीट आणि मुंबईहून गावापर्यंतचा रस्ता धरला तर दीड-दोन दिवस जातातच. 'पक्की लक्षणं दिसली की बोलावू' असं ठरवणाऱ्या घरांत मुलगा बहुतेक वेळा उशिरा पोचलेला मी पाहिलाय. आणि तो येईपर्यंत रोज फोन अण्णांच्या कानाशी धरा. उत्तर आलं नाही तरी धरा. शेवटच्या काळात प्रतिसाद न देणाऱ्या काही रुग्णांच्या डोक्याला तारा लावून मेंदू तपासला, तेव्हा आवाजाची नोंद त्यांच्या मेंदूत होत असल्याचं दिसलं आहे. कॅनडातला हा अभ्यास २०२० साली छापून आला. सगळ्यांच्या बाबतीत तसंच असतं असं त्यावरून म्हणता येत नाही. पण मी खोलीत नेहमी 'ऐकू येतंय' असं धरूनच बोलते. वाटणीचे विषय, दवाखान्याचं बिल, 'आता काही खरं नाही' हे सगळं दाराबाहेर.

खाण्यापिण्यावर जरा सविस्तर बोलते, कारण सगळ्यात जास्त भांडणं त्यावरून होतात. आपल्याकडे प्रेम ताटातून वाढलं जातं. माणूस जेवला की घर निवांत होतं. त्यामुळे 'अन्नपाणी सुटलं' हे शब्द आपल्याला पेलवत नाहीत. पण इथे क्रम उलटा आहे, तो नणंदबाईंना नीट समजावून सांगा : अण्णा खात नाहीत म्हणून जात नाहीयेत, ते जायला निघालेत म्हणून खात नाहीयेत. शरीर आवरायला लागलं की आधी भूक जाते, मग तहान. आतडी मंदावतात. पोटात ढकललेलं तिथेच पडून राहतं, फुगतं, उलटून येतं. गिळण्याची ताकद गेली असताना भरवलं तर घास श्वासनलिकेत जातो. घोट घेताना खोकला येतो का, गळ्यातून ओला गुळगुळ आवाज येतो का, पेज गालात तशीच साठून राहते का, एवढं बघा. यातलं एकही दिसलं की चमचा खाली ठेवायचा.

आणि सलाईन? एका बाटलीत अर्धा किंवा एक लिटर मिठाचं पाणी असतं, कधी जोडीला थोडी साखर. जेवण त्यात नसतं. किडन्या आणि हृदय थकलेले असताना ते पाणी लघवीवाटे बाहेर पडत नाही. पायांवर सूज, फुप्फुसात पाणी, घशात जास्त कफ, अशी त्याची वाट होते. शिवाय शिर सापडेपर्यंत त्या पातळ कातडीत सुया टोचायच्या. सलाईन प्रत्येक वेळी वाईटच असतं असं मी म्हणत नाही. जुलाब-उलट्यांनी कोरडा पडलेला, अजून चालता-बोलता पेशंट असेल तर आम्हीही लावतो. पण अण्णांच्या आजच्या अवस्थेत त्याने त्यांचा त्रास वाढण्याचीच शक्यता जास्त. हा निर्णय तुमच्या डॉक्टरांनी नणंदबाईंसमोर बोलून दाखवावा अशी विनंती करा, म्हणजे तो एकट्या सुनेच्या माथी येणार नाही.

त्यांची जी तहान दिसते ती बहुतेक तोंडाच्या कोरडेपणाची असते. तोंडाने श्वास चालतो, जीभ खडबडीत होते, ओठांना भेगा पडतात. त्याला उपाय तुमच्या स्वयंपाकघरात आहे. स्वच्छ मऊ कापडाची पट्टी बोटाला गुंडाळायची, पाण्यात बुडवून घट्ट पिळायची आणि जीभ, हिरड्या, गालांच्या आतली बाजू हलक्या हाताने पुसायची. ओठांना खोबरेल किंवा साजूक तूप. जागेपणी दर एक-दोन तासांनी. गंगाजल आणि तुळशीपत्राचंही असंच : ओठ ओले होतील इतका थेंब पुरे, चमचाभर ओतायचं नाही.

झोप वाढणं हे यातलं साधं लक्षण आहे. वीस-बावीस तास झोप, हाक मारली तर डोळे उघडतात, ओळखतात, परत मिटतात. पुढे ओळखही पुसट होते. उठवून बसवायचा अट्टहास नको.

रात्रीच्या बडबडीला आपल्याकडे 'वात झाला' म्हणतात. वेळ-काळाचं भान सुटतं, चादर चिवडतात, हवेत काहीतरी पकडतात, कधी गेलेल्या माणसांशी बोलतात. एसटीतले एक निवृत्त कंडक्टर होते. शेवटचे दोन दिवस ते अंगठा आणि बोटाच्या चिमटीने पोटावरच्या चादरीची कड धरून एकेक तिकीट फाडत होते आणि मधूनच 'पुढे सरका, पुढे जागा आहे' म्हणत होते. त्यांची मुलगी रडत होती, पण त्यांचा चेहरा शांत होता. अशा वेळी 'बाबा, हे घर आहे, एसटी नाही' असं पटवायचं नसतं. मी तिला म्हटलं, तूही एक तिकीट घे. तिने हात पुढे केला. त्यांनी फाडून तिच्या तळव्यावर ठेवल्यासारखं केलं आणि झोपी गेले. तर अण्णांना त्यांची आई दिसत असेल तर दिसू दे. मंद दिवा लावा, एकच माणूस जवळ बसू दे, हलक्या आवाजात स्वतःचं नाव सांगा.

पण बडबड वेगळी आणि तळमळ वेगळी. माणूस कण्हतोय, कपाळावर आठ्या आहेत, पाय झाडतोय, उठून पळू बघतोय, तर त्याला 'शेवटचं आहे' म्हणून सोडून देऊ नका. एका घरी गेले तेव्हा नातेवाईक भोवती हरिपाठ म्हणत बसले होते आणि आजोबा अंथरुणावर तळमळत होते. मी चादर बाजूला केली तर ओटीपोट गोट्यासारखं घट्ट. लघवी तुंबली होती. नळी घातली, पिशवीत जवळजवळ लिटरभर लघवी आली आणि अर्ध्या तासात ते गाढ झोपले. पुढे तीन दिवसांनी गेले, पण ते तीन दिवस शांत होते. म्हणून आजच दोन गोष्टी बघा : अण्णांना लघवी शेवटची कधी झाली, आणि शौचाला होऊन किती दिवस झाले. ओटीपोट हाताला कडक लागलं किंवा दुखलं तर लगेच नर्सला बोलवा. तळमळीवर औषधंही असतात आणि ती चांगली लागू पडतात.

श्वासाकडे येते, कारण तुम्ही सगळ्यात जास्त त्यालाच घाबरलेल्या दिसता. काही श्वास भराभर आणि खोल होत जातात, मग उथळ होतात, मग काहीच नाही. वीस सेकंद, कधी चाळीस. पाहणाऱ्याचा जीव गोळा होतो. मग एक मोठा श्वास आणि पुन्हा तीच फेरी. मेंदूचा जो भाग श्वास चालवतो तो थकल्याची ही खूण आहे. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमध्ये काम करणाऱ्या चेन आणि स्टोक्स या दोन डॉक्टरांनी याचं नीट वर्णन केलं, त्यांचंच नाव या श्वासाला मिळालं. त्या थांबलेल्या वेळात अण्णा गुदमरत नसतात. गुदमरणारा माणूस जागा असतो, डोळे मोठे करतो, धडपडतो. अण्णांचा चेहरा बघा. तो सैल असेल तर त्रास तुम्हाला होतोय, त्यांना नाही.

यापुढची पायरी म्हणजे घरघर. 'घरघर लागली' हा आपल्याकडचा जुना शब्द या आवाजावरूनच आलाय. घशात जमलेली लाळ आणि कफ गिळायची किंवा खोकून टाकायची ताकद उरत नाही, आणि येणारी-जाणारी हवा त्यातून वाजते. तो आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत येतो. इथेच बहुतेक घरांचा धीर सुटतो. एका कुटुंबाने माझ्याशी सगळं ठरवलं होतं, घरीच ठेवायचं म्हणून. पहाटे तीनला घरघर सुरू झाली आणि घाबरून त्यांनी ॲम्ब्युलन्स बोलावली. बाई गेल्या त्या अनोळखी खोलीत, घशात नळी, हात बांधलेले, आणि मुलं काचेबाहेर. मी त्यांना दोष देत नाही. तो आवाज नेमका कसा असतो हे मी आधी सांगितलं नव्हतं, ही माझी चूक. म्हणून तुम्हाला आधीच सांगते. घरघर आली तर कुशीवर वळवा, पाठीशी उशी, डोकं थोडं वर. बाहेर आलेली लाळ कापडाने टिपा. सक्शनची, म्हणजे कफ ओढून काढणारी नळी खोल घालू नका, त्याने घशाला इजा होते आणि स्राव वाढतो. स्राव कमी करणारं इंजेक्शन असतं, पण ते सुरुवातीलाच दिलं तर उपयोग होतो, तेव्हा डॉक्टरांना आजच विचारून घरात आणून ठेवा.

सगळ्यात शेवटी येतो तो श्वास, ज्याला जुनी माणसं 'ऊर्ध्व लागला' म्हणतात. प्रत्येक श्वासाबरोबर खालचा जबडा हलतो, मासा पाण्याबाहेर करतो तसा, आणि छाती जवळजवळ हलत नाही. हे दिसलं की घरातल्या सगळ्यांना जवळ बोलवा.

आणि अण्णांना खरंच धाप लागली, म्हणजे जागे आहेत आणि हवेसाठी धडपडताहेत, तर डॉक्टरांनी लिहून दिलेलं मॉर्फिन त्यासाठीच आहे. ते दिल्याने 'लवकर जातील' ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत ते धाप आणि वेदना कमी करतं, आयुष्य तोडत नाही. आधीपासून चालू असेल तर गिळता येत नाही म्हणून परस्पर बंद करू नका, वेदना उसळून येतात. दुसऱ्या मार्गाने कसं द्यायचं ते विचारा. हातपाय वरचेवर दचकायला लागले तर तेही डॉक्टरांना कळवा, मात्रा बदलावी लागू शकते. जोडीला खिडकी उघडा आणि छोटा पंखा चेहऱ्याकडे वळवा. गालावर वाऱ्याची झुळूक लागली की धाप कमी जाणवते. ऑक्सिमीटर मात्र कपाटात ठेवून द्या. कोविडपासून तो घरोघरी आलाय, पण गार पडलेल्या बोटावर तो चुकीचे आकडे दाखवतो आणि सगळं घर माणूस सोडून त्या आकड्याकडे बघत बसतं.

हातापायांचं थोडक्यात. रक्त आता मेंदू आणि हृदयाकडे राखून ठेवलं जातं, त्यामुळे बोटं, मग तळवे, मग पिंढऱ्या गार पडतात. गुडघ्यांवर आणि तळपायांवर निळसर-जांभळी जाळी उमटते. रोज अंग पुसताना चादर वर करून गुडघे बघत जा, चेहऱ्याच्या आधी ते सांगतात. मोजे घाला, हलकं पांघरूण घाला, पण गरम पाण्याची पिशवी नको, त्या कातडीला भाजल्याचं कळत नाही. याउलट कपाळ तापतं, कधी चांगलाच ताप चढतो. ओला रुमाल ठेवा. लघवी कमी आणि चहासारखी होते. मनगटाची नाडी आधी बारीक लागते, मग लागेनाशी होते. नाक टोकदार दिसतं, नाकापासून ओठांपर्यंतच्या रेषा सपाट होतात.

यातल्या कशाला किती वजन द्यायचं? अमेरिका आणि ब्राझीलमधल्या दोन कॅन्सर रुग्णालयांत ३५७ रुग्णांच्या या लक्षणांची रोज नोंद ठेवली गेली. २०१४ साली त्याचे निष्कर्ष आले. मनगटाची नाडी न लागणं, जबड्याने श्वास, थांबून-थांबून श्वास, घरघर, लघवी फार कमी होणं, ही दिसायला लागली की बहुतेकदा तीन दिवसांच्या आतली गोष्ट असते. पण ती सगळ्यांना होतात असं नाही, अनेक जण त्यांच्याशिवायच जातात. म्हणजे लक्षण दिसलं तर तयारीत राहा, आणि दिसलं नाही म्हणून निर्धास्त राहू नका. अण्णांचा झोपेत थांबणारा श्वास यातलाच असावा असं मला वाटतं, म्हणून तर फोन आजच करा म्हटलं.

एका गोष्टीने फसू नका. एखाद्या सकाळी अण्णा ताजेतवाने उठतील, चहा मागतील, नातवाचं नाव घेतील. विझताना दिवा मोठा होतो म्हणतात तसं. सगळ्यांच्या बाबतीत होतं असं नाही, पण मी बरेचदा पाहिलंय. त्या वेळी कुणीतरी म्हणतं, 'बघा, सुधारतायत, परत ॲडमिट करू.' तसं करू नका. तो तास बोलण्यात घालवा, नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावा, दोन घोट चहा मागितला तर बसवून द्या.

तुमच्या डॉक्टरांना किंवा नर्सला रात्री-अपरात्रीही फोन करावा अशी कारणं मोजकी आहेत : औषधाने न थांबणारी वेदना किंवा तळमळ, जागेपणी धाप, झटके, आणि तोंडावाटे रक्त. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये रक्त येऊ शकतं, म्हणून गडद रंगाचे दोन टॉवेल हाताशी ठेवा. पांढऱ्या चादरीवर थोडं रक्तही फार दिसतं आणि माणूस घाबरतो.

कागदपत्रांचं आत्ताच करून ठेवा. घरी मृत्यू झाला तर कारणाचा दाखला डॉक्टर देतात, तो असल्याशिवाय स्मशानात अडचण येते. तुमच्या फॅमिली डॉक्टरांना आज-उद्या एकदा घरी येऊन अण्णांना बघून जायला सांगा आणि फाईल एका पिशवीत ठेवा. नोंदणीला २१ दिवसांची मुदत असते. पेसमेकर बसवलेला असेल तर दहनाआधी काढावा लागतो, हे डॉक्टरांच्या कानावर घाला. अण्णांनी नेत्रदानाचं कधी बोलून दाखवलं असेल तर कॅन्सर आहे म्हणून ते आपोआप बाद होत नाही. नेत्रपेढीला लगेच फोन करायचा, सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात. तोवर पंखा बंद, पापण्या मिटून वर ओला कापूस, डोक्याखाली उशी.

श्वास थांबल्यावर घाई करायची नसते. एक-दोन उशिराचे आचके येऊ शकतात, त्याने दचकू नका. घड्याळात वेळ बघून ठेवा आणि मग हवं तेवढं बसा. आणि एक सांगते, कारण हे मी फार वेळा पाहिलंय : दहा रात्री उशाशी बसलेला माणूस आंघोळीला उठतो आणि नेमकं तेव्हाच होतं. लोक म्हणतात 'जीव अडकला होता'. ते का होतं ते मला सांगता येणार नाही. तुमच्या बाबतीत तसं झालं तर 'मी नव्हते' म्हणून स्वतःला खाऊ नका, तुम्ही तीन आठवडे होतात.

आज रात्री तुम्ही झोपा. सलग पाच तास, दुसऱ्या खोलीत. नणंदबाईंना भरवायचंय, वडिलांसाठी हाताने काहीतरी करायचंय, आणि तुम्ही सगळे त्यांना नुसतं 'नको' म्हणताय. त्यांच्या हातात पाण्याची वाटी, मऊ कापडाची पट्टी आणि तुपाची डबी द्या. पट्टी कशी पिळायची, जीभ कशी पुसायची, ते एकदा स्वतः करून दाखवा आणि सांगा, 'हे दर तासाला तुम्हीच करा, माझ्यापेक्षा तुमच्या हाताने त्यांना बरं वाटेल.'